हजेरी

टी.वाय., प्राणीशास्त्र, रोल नंबर एकोणीस,
डोर्लेकर दर्शना सुभाष. एकसष्ट टक्के.
नावाखाली कुणीतरी
तांबड्या पेनाने रेघ ओढलेली.

मी एकही दिवस चुकवला नव्हता.
नारळी पौर्णिमेला घरी होते,
पण तेव्हा कॉलेजलाच सुट्टी.

सर हजेरी घेतात
रात्रीच्या एस्टीचा कंडक्टर थांबे पुकारतो तशी,
कुणी उतरणार नाही हे धरून.
अठरा. एकोणीस. वीस.
एकोणीस आणि विसामधल्या फटीत
माझं 'येस सर' ओठांपर्यंत येतं,
पुढच्या बाकावरच्या वेणीपर्यंत जातं
आणि तिथेच बसून राहतं.

हीच मी
रोज पावणेसातला धक्क्यावर उभी असते.
धाकूतात्या पलीकडे, तरीत झोपलेला,
एका कानाने बहिरा.
वारा समोरून. ओहोटी असली की
चिखलाचा पट्टाच केवढा.
मी सॅक खाली ठेवते,
पोटातून हाक घालते,
ओऽऽ तात्याऽऽ हूऽऽ
आधी बगळे उठतात.
मग तात्या.

खाडी ओलांडणारा आवाज
तीन बाकं ओलांडत नाही,
आणि अडीच वर्षांत मला
याचं काही वाटलंही नव्हतं.

ऑफिसातल्या मिठबावकर मॅडम प्रेमळ आहेत.
म्हणाल्या, "रडतेस काय? हा फॉर्म भर.
आजारी होते, क्षमस्व, असं छापलेलंच आहे.
स्टँडसमोरचा डॉक्टर दीडशेत सर्टिफिकेट देतो.
सगळी मुलं तेच करतात."

दीडशे रुपये होते माझ्याजवळ.
नाव लिहिलं. वर्ग लिहिला.
'क्षमस्व'च्या खाली सहीची जागा,
तिथे पेन टेकवलं
आणि टेकवूनच राहिले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
कशाबद्दल?

स्टाफरूममध्ये सर डबा खात होते. आंबोळ्या.
तरीत पाठ केलेली वाक्यं
उंबऱ्यावरच विसरले.
म्हटलं, सर, मी आजारी नव्हते.
मी होते.
"मग आवाज का देत नाहीस?"
देते, सर. तुम्ही थांबत नाही.

कोपऱ्यात कुणाचा तरी चमचा थांबला.
माझे गुडघे
जेटीला बांधलेल्या पडावासारखे हलत होते.
वही पुढे केली. प्रत्येक पानावर तारीख.
तेरा ऑगस्ट उघडला.
त्या दिवशी तुम्ही फळ्यावर खेकडा काढलात,
पाय आठ.
मी वहीत दहा काढले.
नांग्या धरून दहाच असतात, सर.
जाळ्यातून सोडवताना मी लहानपणापासून मोजलेत.

मोजले होते, आणि तरी
तेव्हा गप्प बसले होते.
हे मात्र मी सरांना सांगितलं नाही.
ते माझं मलाच ऐकू आलं.

सरांनी पान बराच वेळ पाहिलं.
बोटाला चटणी होती म्हणून
कोपराने वही सरकवली.
"बघतो," म्हणाले.
'बघतो' म्हणजे काय ते अजून कळायचंय.
फॉर्म माझ्या सॅकमध्येच आहे, ठिपक्यासकट.

दुसऱ्या दिवशी, अठरा.
एकोणीस.
आणि सरांनी मान वर केली.
एवढी मोकळी जागा मिळेल असं वाटलं नव्हतं,
त्यामुळे चुकून
तरीचाच आवाज लागला:
हजर!

सगळा वर्ग हसला. खिडकीतला कावळा उडाला.
कान तापले, पण मीही हसले.
आणि वीस नंबरची रुबिना फणसोपकर,
जिचा आवाज मी
अडीच वर्षांत कधी ऐकला नव्हता,
थोडी खाकरली.